स्पिन-ऑर्बिट कपल्ड बीईसी लॅपटॉपवर कसं चालवायचं: आधी वही, मग कोड

हे कुणासाठी आहे ते आधी सांगतो. एमएससीचं क्वांटम मेकॅनिक्स झालंय (किंवा बीएससीचंच झालंय पण नीट झालंय), पायथनमध्ये ॲरे आणि एफएफटी वापरता येतात, साधा लॅपटॉप आहे, बस. जीपीयू नको, क्लस्टर नको. अतिथंड अणूंच्या ढगात (बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट, म्हणजेच बीईसी) स्पिन आणि वेग एकमेकांना बांधून टाकले की काय काय होतं ते आधी हाताने काढायचंय आणि मग स्क्रीनवर चालवून बघायचंय. एक विनंती आहे, कोड एकदम उघडू नका. बरेच जण कुठूनतरी ग्रॉस-पिटाएव्हस्कीचा (कंडेन्सेटच्या वेव्हफंक्शनचं समीकरण) तयार कोड उचलतात, ओमेगा (लेझरने लावलेल्या कपलिंगची ताकद) अंदाजाने भरतात, घनतेत पट्टे दिसले की खूश, नाही दिसले की टाइम स्टेप कमी कर, ग्रिड वाढव असा खेळ रात्रभर चालतो. खरं तर ह्या विषयातलं जवळपास सगळं एका दोन-बाय-दोनच्या मॅट्रिक्समधून निघतं, ती वहीच्या एका पानावर सुटते, आणि अणूंची आपसातली टक्कर नंतर येऊन फक्त एवढंच ठरवते की ऊर्जेच्या आलेखातल्या दोन सारख्याच खोल दऱ्यांपैकी कुठल्या दरीत बसायचं, का दोन्हीत. ते पान हाताशी असलं की कोड कुठे गंडलाय ते लगेच कळतं.

आता मूळ प्रयोग काय होता ते बघू, कारण सगळे आकडे तिथूनच घेणार आहोत. मोकळ्या न्यूट्रल अणूचा स्पिन त्या अणूच्या वेगाकडे ढुंकूनही बघत नाही. अणूच्या पोटात इलेक्ट्रॉनचं स्पिन-ऑर्बिट असतं, पण आख्खा अणू कुठे चाललाय याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. ते नातं लेझरने जोडावं लागतं आणि २०११ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला, निस्ट (अमेरिकेची मापन-मानकांची राष्ट्रीय संस्था) आणि जॉइंट क्वांटम इन्स्टिट्यूटमधल्या इयान स्पीलमन यांच्या ग्रुपने ते बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेटमध्ये करून दाखवलं. रुबिडियम-८७ घेतलं, त्याच्या सगळ्यात खालच्या हायपरफाइन अवस्थेला तीन झीमन लेव्हल असतात, उणे १, ० आणि अधिक १. चुंबकीय क्षेत्र लावून दोन लेव्हलमध्ये सुमारे ४.८ मेगाहर्ट्झचं अंतर पाडलं, क्वाड्रॅटिक झीमनमुळे अधिक १ वाली लेव्हल थोडी बाजूला सरकते म्हणून ती खेळातून बाद, उरलेल्या दोन म्हणजे आपले अप आणि डाउन. ० ला अप म्हणू, उणे १ ला डाउन. मग सुमारे ८०४ नॅनोमीटरचे दोन लेझर एकमेकांना काटकोनात सोडले, त्यांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक बरोबर त्या ४.८ मेगाहर्ट्झच्या जवळ ठेवला. अणू एका बीममधून फोटॉन घेतो, दुसऱ्या बीममध्ये टाकतो, ह्या व्यवहारात स्पिन उलटतो आणि दोन फोटॉनच्या मोमेंटममधला फरक अणूच्या पदरात पडतो. म्हणजे स्पिन फिरला की धक्का बसणारच, धक्क्याशिवाय स्पिन फिरणार नाही. संपलं, हेच स्पिन-ऑर्बिट कपलिंग, याला रामन कपलिंग म्हणतात. घन पदार्थवाले राश्बा आणि ड्रेसेलहाउस अशी दोन प्रकारची कपलिंग सांगतात, ही त्या दोघांची सम प्रमाणातली बेरीज आहे आणि एकाच दिशेत चालते, म्हणूनच आपलं काम वन-डी ग्रिडवर भागतं.

जाता जाता एक गोष्ट, पुस्तकात ही पटकन सापडत नाही. लेझरचं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या कक्षेला धरतं, स्पिनला थेट हात लावत नाही, तरी स्पिन उलटतो कसा? तर अणूच्या आतल्या त्याच स्पिन-ऑर्बिटमुळे, ज्याने रुबिडियमच्या ७८० आणि ७९५ नॅनोमीटरच्या दोन वेगळ्या रेषा पाडल्यात. ह्या दोन रेषांमधलं अंतर जितकं मोठं तितका लेझर लांब ट्यून करून काम भागतं आणि अणू फालतू फोटॉन पिऊन तापत नाहीत. रुबिडियममध्ये हे अंतर ७ टेराहर्ट्झच्या वर आहे, पोटॅशियममध्ये १.७ टेराहर्ट्झ, आणि लिथियममध्ये फक्त १० गिगाहर्ट्झ, त्यामुळे लिथियमचा ढग ह्या उद्योगात फार पटकन तापतो. तरी २०१२ मध्ये एमआयटीत मार्टिन झ्विएर्लाइन यांच्या ग्रुपने लिथियम-६ वर आणि त्याच वर्षी चीनमध्ये शान्शी विद्यापीठात पोटॅशियम-४० वर हे केलं, म्हणजे फर्मिऑनसुद्धा झाले. स्टॅनफर्डला नंतर डिस्प्रोशियम वापरलं ते तापण्याच्या ह्याच कटकटीतून सुटायला. सिम्युलेशनमध्ये काही तापत नाही, पण आपल्या ग्राफवर जे आरामात शंभर मिलिसेकंद चालतं ते लॅबमध्ये चालेलच असं नाही हे लक्षात असू द्या.

आता एकक. ह्यात आळस केला तर पुढे रडायची वेळ येते. लांबी, ऊर्जा, वेळ सगळं लेझरवरून ठरवायचं. बीम काटकोनात आहेत म्हणून रिकॉइल मोमेंटम (रामन व्यवहारात बसणाऱ्या धक्क्याचा निम्मा), म्हणजे आपलं १, हे वर्गमूळ २ गुणिले पाय भागिले तरंगलांबी. आकडे टाकले की लांबीचं एकक येतं १८१ नॅनोमीटरच्या आसपास. ऊर्जेचं एकक म्हणजे रिकॉइल एनर्जी, फ्रिक्वेन्सीत १.७७ किलोहर्ट्झ, तापमानात मोजली तर ८५ नॅनोकेल्विन. वेळेचं एकक सुमारे ९० मायक्रोसेकंद. बीम समोरासमोर असते तर रिकॉइल एनर्जी बरोब्बर दुप्पट आली असती, आणि बरेच पेपर दुप्पटवालीच वापरतात, त्यामुळे दोन पेपरमधले ओमेगा थेट ताडून बघू नका, आधी कोण कुठली एनर्जी १ धरतोय ते बघा.

आता वही काढा. मोमेंटमला के म्हणू. मॅट्रिक्सच्या कर्णावर वर (के + १) चा वर्ग, खाली (के − १) चा वर्ग, आणि कर्णाबाहेर दोन्हीकडे ओमेगा भागिले २, ओमेगा म्हणजे रामन कपलिंगची ताकद. डीट्यूनिंग (लेझरच्या फ्रिक्वेन्सीतला फरक लेव्हलच्या अंतरापासून किती चुकलाय ते, म्हणजे डेल्टा) असेल तर वर अधिक डेल्टा भागिले २, खाली वजा तेवढंच. सध्या डेल्टा शून्य. आयगेनव्हॅल्यू काढा, दोन ओळींचं काम आहे: के वर्ग + १, अधिक किंवा वजा, वर्गमूळात (४ के वर्ग + ओमेगा वर्ग भागिले ४). आपल्याला खालची शाखा हवी, म्हणजे वजावाली. डेरिव्हेटिव्ह शून्य केला की वर्गमूळाची किंमत २ यायला हवी असं निघतं, आणि त्यातून दोन किमान बिंदू मिळतात, के = अधिक-उणे वर्गमूळात (१ − ओमेगा वर्ग भागिले १६). ओमेगा शून्य असेल तर दऱ्या अधिक-उणे १ वर, ओमेगा वाढला की एकमेकींकडे सरकतात, आणि ओमेगा ४ झाला की दोन्ही एकमेकींत मिसळून के शून्यवर एकच दरी. तळाची ऊर्जा उणे ओमेगा वर्ग भागिले १६. ओमेगा २ टाकून बघा, दरी ०.८६६ वर, तळ उणे ०.२५, आणि मधला उंचवटा बरोबर ० वर. हे तीन आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कोडची पहिली परीक्षा हीच.

आणखी दोन गोष्टी त्याच पानावर काढा. पहिली, दरीच्या तळाशी स्पिन किती झुकलाय. उजव्या दरीत मुख्यतः डाउन, डाव्या दरीत मुख्यतः अप, आणि झुकाव तेवढाच जेवढा के, म्हणजे ओमेगा २ ला ०.८६६. ओमेगा ४ च्या पुढे झुकाव शून्य, दोन्ही घटक निम्मे निम्मे. दुसरी, तळाचा बाक, त्यातून इफेक्टिव्ह मास निघतं. मूळ मास भागिले इफेक्टिव्ह मास हे ओमेगा ४ च्या खाली १ − ओमेगा वर्ग भागिले १६ येतं आणि ४ च्या वर १ − ४ भागिले ओमेगा. दोन्हीकडून ४ जवळ आलात की हे शून्य होतं, म्हणजे अणू अनंत जड झाल्यासारखा वागतो, तळ पार सपाट. हे फक्त कागदी नाही, थोड्या वेळात ढग हलवून मोजणार आहोत.

इथे एक लफडं असतं ते सोडवून पुढे जाऊ. हा जो के आहे तो खरा मोमेंटम नाही, क्वासी-मोमेंटम आहे. अपचा खरा मोमेंटम के + १, डाउनचा के − १. लॅबमध्ये ट्रॅप बंद करून ढग पडू देतात आणि अप-डाउन वेगळे करून फोटो काढतात, तेव्हा एकच के असलेली अवस्था दोन ठिपक्यांत दिसते, नेहमी २ एककं लांब. ओमेगा ४ च्या वर ढग 'स्थिर' असतो तरी फोटोत एक ठिपका उजवीकडे, एक डावीकडे. तुमच्या कोडमधला के शून्य आणि पेपरातला दोन ठिपक्यांचा फोटो यात भांडण नाही, फक्त एका ठिकाणी फेज काढून टाकलेला आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही.

पानावरची शेवटची गोष्ट, आणि मला विचाराल तर सगळ्यात भारी. ओमेगा ४ च्या खाली दोन दऱ्या सारख्याच खोल आहेत, मग कंडेन्सेट कुठे बसणार? एकट्या अणूला फरक पडत नाही, टक्करी ठरवतात. अप-अप आणि डाउन-डाउनची टक्कर ताकद जी म्हणू, अप-डाउनची जी-दुसरी. इंटरॅक्शनची ऊर्जा दोन तुकड्यांत मांडता येते, (जी + जी-दुसरी) भागिले ४ गुणिले घनतेचा वर्ग, आणि (जी − जी-दुसरी) भागिले ४ गुणिले स्पिन-घनतेचा वर्ग. आता दोन पर्याय. एकाच दरीत बसलं तर घनता सपाट पण स्पिन झुकलेला, त्याचा दंड भरावा लागतो. दोन्ही दऱ्यांत निम्मं निम्मं बसलं तर स्पिन शून्य पण दोन लाटा एकमेकींवर पडून घनतेत पट्टे, त्याचा दंड. पट्ट्यांचा कॉन्ट्रास्ट किती? दोन दऱ्यांतल्या स्पिनचा ओव्हरलॅप जितका तितका, म्हणजे ओमेगा भागिले ४. दोन दंड समान करा, आणि (जी − जी-दुसरी) भागिले (जी + जी-दुसरी) याला गॅमा म्हणा, की उंबरठा निघतो: ओमेगा = ४ गुणिले वर्गमूळात (२ गॅमा भागिले (१ + २ गॅमा)). त्याच्या खाली पट्टे, त्याच्या वर एक दरी, आणि ४ च्या वर शून्य मोमेंटम. विरळ ढगासाठी आख्खा फेज डायग्राम झाला, एफएफटीला अजून हातही लावलेला नाही.

आता रुबिडियमचा गॅमा टाका, तो सुमारे ०.००१२, कारण त्याच्या तिन्ही टक्कर लांब्या जवळपास सारख्या आहेत. उंबरठा येतो ०.२ च्या जवळ, आणि २०११ च्या प्रयोगात दोन स्पिन एकमेकांत मिसळायचे सोडून वेगळे व्हायला लागले ते ह्याच आकड्याजवळ. पण ०.२ ला कॉन्ट्रास्ट किती, तर ०.२ भागिले ४, पाच टक्के. आणि पट्ट्यांमधलं अंतर पाय भागिले के, म्हणजे ५७० नॅनोमीटरच्या आसपास. अर्धा मायक्रॉन अंतर आणि पाच टक्के फरक, हा साध्या कॅमेऱ्यात काय दिसणार, कप्पाळ. वरचं सूत्र नीट बघितलंत तर कळेल की पट्टे मोडण्याआधी मिळू शकणारा जास्तीत जास्त कॉन्ट्रास्टसुद्धा फक्त गॅमावर ठरतो, लेझर कितीही चांगला घ्या. म्हणून एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांच्या ग्रुपने वाटच बदलली: सोडियम-२३ घेतलं, अप-डाउन म्हणून दोन शेजारच्या प्रकाश-खड्ड्यांतल्या अवस्था घेतल्या, खड्डे वेगळे म्हणून अप आणि डाउन एकमेकांना फार भेटतच नाहीत, जी-दुसरी आपोआप कमी, गॅमा मोठा. पट्टे त्यांनी थेट न बघता ब्रॅग स्कॅटरिंगने (पट्ट्यांवरून ठरावीक कोनात परतणाऱ्या प्रकाशाने) पकडले आणि २०१७ मध्ये छापलं. पट्टे म्हणजे स्फटिकासारखी ठरावीक अंतरावरची घनता, आणि तरी सगळं सुपरफ्लुइड (घर्षणाशिवाय वाहणारं), म्हणून याला सुपरसॉलिड म्हणतात.

आपण लॅपटॉपवर आहोत, आपल्याला गॅमा हवा तेवढा ठेवायची मुभा आहे. जी-दुसरी ही जीच्या ०.९ पट घ्या. गॅमा १ भागिले १९, उंबरठा १.२३, आणि तिथे कॉन्ट्रास्ट तीस टक्क्यांच्या वर, म्हणजे डोळ्यांना दिसेल असं काहीतरी. रुबिडियमचे खरे आकडे टाकून पट्टे शोधत बसू नका, ते असतील पण तुमच्या ग्राफवर नॉइज वाटतील.

चला, कोड. ग्रिडला १०२४ बिंदू, अंतर ०.२, म्हणजे डबा सुमारे २०५ एकक, खऱ्या लांबीत ३७ मायक्रॉन. अंतर ०.२ का, तर सगळ्यात मोठा के १५ च्या वर जातो आणि आपली सगळी गंमत अधिक-उणे ३ च्या आत आहे, भरपूर जागा. ट्रॅप ५० हर्ट्झचा घ्या, एककात ०.०२८. इथे सावध, रिकॉइल एनर्जी १ धरली की कायनेटिक एनर्जी के वर्ग होते, के वर्ग भागिले २ नाही, त्यामुळे ट्रॅपसुद्धा ट्रॅप-फ्रिक्वेन्सीचा वर्ग गुणिले एक्स वर्ग भागिले ४ असा येतो, भागिले २ नाही. हा २ चा घोळ मी जितक्या जणांच्या कोडमध्ये बघितलाय त्याला तोड नाही. वेव्हफंक्शनचं एकूण नॉर्म १ ठेवा आणि जी ३३ घ्या, मग थॉमस-फर्मीने (कायनेटिक एनर्जी सोडून देणारा अंदाज) ढगाची त्रिज्या ५० च्या आसपास येते आणि केमिकल पोटेन्शियल दरीच्या तळापासून अर्ध्या रिकॉइल एनर्जीच्या आसपास. ढग डब्याच्या निम्म्यात बसला, कडेला लागत नाही, बरोबर.

ग्राउंड स्टेटसाठी इमॅजिनरी टाइम, म्हणजे वेळ काल्पनिक धरायची, की वरच्या ऊर्जेच्या अवस्था विरून सगळ्यात खालची उरते. प्रत्येक स्टेपला आधी अर्धा स्टेप पोटेन्शियलचा: अपला ट्रॅप + जी गुणिले अप-घनता + जी-दुसरी गुणिले डाउन-घनता, डाउनला उलट, हे उणे करून अर्ध्या टाइम स्टेपने गुणून एक्स्पोनेन्शियल. मग एफएफटी, आणि के-स्पेसमध्ये प्रत्येक के ला ती दोन-बाय-दोनची मॅट्रिक्स एक्स्पोनेन्शियल करून लावायची. यासाठी लायब्ररी कॉल नको, हाताने लिहा, झटपट होतं: वर्गमूळवाल्या पदाला बी म्हणा, मग एक्स्पोनेन्शियल (उणे टाइम स्टेप गुणिले (के वर्ग + १)) बाहेर, आणि आत कोश, म्हणजे हायपरबॉलिक कोसाइन, (टाइम स्टेप गुणिले बी) गुणिले युनिट मॅट्रिक्स, वजा साइनश (हायपरबॉलिक साइन, आत तेच) भागिले बी गुणिले उरलेली मॅट्रिक्स, ज्यात कर्णावर अधिक २ के आणि उणे २ के आणि बाहेर ओमेगा भागिले २. रामन कपलिंग जागेवर अवलंबून नाही म्हणून ते याच स्टेपमध्ये बसतं, वेगळा तुकडा करायची गरज नाही, चूकही कमी होते. उलट एफएफटी, परत अर्धा पोटेन्शियल, आणि शेवटी नॉर्मलाइज. नॉर्मलाइज करताना अप आणि डाउनचं एकत्र नॉर्म १ करा, प्रत्येकाचं वेगळं अजिबात नाही, कारण रामन लेझर अणू इकडून तिकडे नेतोय, अप किती आणि डाउन किती हे कोडनेच ठरवायचंय. वेगळं वेगळं नॉर्मलाइज केलंत तर एक-दरीवाली फेज कधीच येणार नाही आणि तुम्ही म्हणाल थिअरी चुकली.

टाइम स्टेप ०.०१ चालते. किती वेळ चालवायचं? ट्रॅपमधली सगळ्यात आळशी हालचाल ०.०२८ ऊर्जेची, ती मरायला काही शे एकक तरी लागतात, म्हणजे काही दहा हजार स्टेप, साध्या लॅपटॉपवर फार वेळ लागत नाही. एनर्जी सहा-सात आकड्यांपर्यंत बदलायची थांबली की थांबा. ओमेगा ४ जवळ मात्र हे फार रेंगाळतं, दरी सपाट आहे ना, ढगाला खाली घसरायला उतारच नाही, तिथे धीर धरा.

सुरुवातीचा अंदाज हा भाग लोक हलक्यात घेतात. अप आणि डाउन दोन्ही हुबेहूब एकसारखे गॉसियन ठेवून सुरू केलंत तर तुमची अवस्था दोन्ही दऱ्यांसाठी समान आहे, आणि इमॅजिनरी टाइम ती समानता मोडत नाही, ओमेगा २ ला सुद्धा पट्टेच दाखवत बसेल, जे तिथे ग्राउंड स्टेट नाहीतच. म्हणून प्रत्येक ओमेगाला तीन सुरुवाती करा: एक उजव्या दरीचा प्लेन वेव्ह गुणिले गॉसियन, एक दोन्ही दऱ्यांची बेरीज, एक निव्वळ रँडम नॉइज. तिघांची शेवटची एनर्जी छापा, जी कमी ती खरी. फरक पाचव्या-सहाव्या आकड्यात असू शकतो, म्हणून वर एनर्जी नीट जुळवून घ्यायला सांगितलं.

मग बघायचं काय. ओमेगा ०.८ ला मध्यभागी पट्टे, अंतर पाय भागिले ०.९८, कॉन्ट्रास्ट कागदावर २० टक्के, कोडमध्ये १८ च्या आसपास येईल कारण ढग दाट आहे आणि इंटरॅक्शन पट्टे थोडे दाबतं. इथे एक मस्त परीक्षा आहे: पट्ट्यांच्या फेजमध्ये अप-घनता आणि डाउन-घनता एकाच तालात वरखाली होतात, त्यामुळे दोघांची वजाबाकी सगळीकडे जवळपास शून्य यायला हवी. बेरीज लाटालाटांची आणि वजाबाकी सपाट. एकाचा उंचवटा जिथे आहे तिथे दुसऱ्याचा खड्डा दिसत असेल तर कर्णाबाहेरच्या पदाचं काहीतरी बिनसलंय किंवा जी-दुसरी जी पेक्षा मोठी पडलीये, तपासा. ओमेगा २ ला पट्टे गायब, झुकाव ०.८७ च्या जवळ, कधी उजवी दरी कधी डावी, ते तुमच्या नॉइजच्या नशिबावर. ओमेगा ५ ला झुकाव शून्य, के शून्य. उंबरठा नेमका १.२३ ला नाही सापडला तरी घाबरू नका, सूत्र विरळ ढगाचं आहे. जी कमी करत गेलात तर कोडचा आकडा सूत्राकडे सरकायला हवा, हीसुद्धा एक तपासणीच. ट्रॅप काढून सपाट डब्यात चालवायचं असेल तर डब्याची लांबी पट्ट्यांच्या अंतराच्या सम पटीत (२, ४, ६ पट अशी) ठेवा, नाहीतर डबाच के ला भलत्या किमतीवर ओढून नेतो.

डेल्टा थोडा हलवून बघाच. ०.०१ टाका, फक्त ०.०१, म्हणजे फ्रिक्वेन्सीत १८ हर्ट्झ. एक दरी दुसरीपेक्षा खोल होते आणि ढग तिकडे कलतो. आता हिशोब करा, रुबिडियमच्या ह्या लेव्हल एका गॉसला ०.७ मेगाहर्ट्झ सरकतात, म्हणजे १८ हर्ट्झ म्हणजे २५ मायक्रोगॉस. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आतबाहेर आहे. एक मिलिगॉस इकडेतिकडे झालं की डेल्टा ०.४ ने हलला, म्हणजे पट्टे गेले. आपल्याकडे पुण्यात आयसरला आणि मुंबईत टीआयएफआरला थंड अणूंचं काम झालेलं आहे, तिथल्या कुणाशी बोलायची संधी मिळाली तर चुंबकीय क्षेत्र स्थिर कसं ठेवता हा प्रश्न विचारा, अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.

आता ढग हलवू. तोच कोड, टाइम स्टेपच्या जागी आय गुणिले टाइम स्टेप, कोशचा कोस होतो, साइनशचा आय साइन, आणि नॉर्मलाइज करणं बंद, कारण आता नॉर्म आपोआप टिकायला हवं, टिकलं नाही तर कुठेतरी चूक आहे. जी आणि जी-दुसरी सारख्या करा, म्हणजे वहीतला आकडा स्वच्छ लागू पडतो. ग्राउंड स्टेट घ्या, ट्रॅप ५ एकक बाजूला सरकवा आणि ढगाचा मध्य नोंदवत जा. लेझर नसता तर ढग २२४ एककात एक फेरी मारतो, म्हणजे २० मिलिसेकंद. ओमेगा ६ ला इफेक्टिव्ह मास तिप्पट, फेरी वर्गमूळ ३ पट लांब, ३८८ एकक. ओमेगा २ ला २५९ यायला हवी. ओमेगा ४ ला चालवाल तर फेरी अनंत होत नाही, तळ सपाट असला तरी पुढे चौथ्या घाताची चढण आहे, त्यामुळे फेरी किती लांब हे ढग किती सरकवला यावर ठरतं, ५ च्या ऐवजी २ सरकवून बघा, आकडा बदलेल. चीनमध्ये यूएसटीसीच्या (चीनचं विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ) ग्रुपने २०१२ मध्ये हीच डुलणारी ढगाची हालचाल मोजून छापली होती, आपला ग्राफ त्याच जातीचा.

ढग डुलत असताना स्पिनचा झुकाव पण छापा. तो ढगाच्या क्वासी-मोमेंटमबरोबर डुलतो, कारण मॅट्रिक्समध्ये दोघे बांधलेले आहेत. आणि ट्रॅप सरकवण्याऐवजी ओमेगा एकदम शून्यावरून ६ केलात तर वेगळंच दिसतं, अणू वरच्या आणि खालच्या शाखेत एकदम वाटला जातो आणि घनता थरथरते, ह्याला झिटरबेवेगुंग म्हणतात, डिराकच्या इलेक्ट्रॉनसाठी श्रोडिंगरने १९३० मध्ये सांगितलेली थरथर, थंड अणूंत २०१३ मध्ये प्रत्यक्ष मोजली गेली. तिची फ्रिक्वेन्सी दोन शाखांमधलं अंतर, म्हणजे वर्गमूळवालं पद गुणिले २, परत वहीतलंच. ही हालचाल पकडायला टाइम स्टेप ०.००५ केलीत तर बरं.

ह्यानंतर टू-डी करायचा मोह होतो, आणि करा, पण थोडं थांबून. खरं राश्बा कपलिंग टू-डीत लावलं की दोन दऱ्यांच्या जागी आख्खं वर्तुळ सारख्याच खोलीचं मिळतं आणि ग्राउंड स्टेट ठरवणं जास्त अवघड जातं. प्रयोगात टू-डी कपलिंग २०१६ मध्ये आलं, शान्शीत पोटॅशियम-४० वर आणि यूएसटीसीत रुबिडियम-८७ वर. ग्रिड ५१२ बाय ५१२ घेतला तरी लॅपटॉप तग धरतो, एक्स्पोनेन्शियलचं सूत्र तेच, फक्त २ के च्या जागी दोन दिशांचे के दोन वेगळ्या पाउली मॅट्रिक्सबरोबर येतात आणि बी त्यानुसार बदलतो. सुरुवातीच्या अंदाजांचा नियम इथे जास्त कडक पाळा, तीनच्या जागी दहा-वीस नॉइज सीड चालवा आणि प्रत्येकाची एनर्जी फाइलमध्ये ठेवा, कारण इमॅजिनरी टाइम कुठल्यातरी व्हर्टेक्सवाल्या अवस्थेत अडकून बसतो आणि एनर्जीचा ग्राफ मात्र अगदी गुळगुळीत, सगळं जुळल्यासारखा दिसत राहतो.